बाराव्या घराचे बोलावणे

२८ मार्च २००९. जनगणनेच्या त्या दिवशी कोक-ताल गावात सहाशे एक्केचाळीस माणसे हयात होती. पुरुष तीनशे बारा, बायका तीनशे एकोणतीस.

कागद भरण्याचे काम शाळेतल्या आम्हा शिक्षकांकडे होते. नाव, वय, जन्मगाव, शिक्षण असे प्रश्न ठरलेले होते. घराबाहेर एकटे जाता येते का, हा प्रश्न त्यांत नव्हता. असता तर कालिया आपांच्या धाकट्या सुनेपुढे मला ‘नाही’ असे लिहावे लागले असते. तिच्या शेजारी बसून तिच्या वतीने भराभर उत्तरे देणारी थोरली जाऊ मात्र कोणत्या रकान्यात बसली असती, हे मला आजही सांगता येत नाही. हा मजकूर त्या थोरल्या जावेविषयी आहे. तिचे नाव बुरुल.

बुरुल या घरात आली ती १९९० साली, एकवीस वर्षांची असताना. नवरा एसेन घरातला थोरला. धाकटा दीर मेदेर तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच्या सदऱ्यांची बटणे तिने लावली, त्याला गोवर निघाला तेव्हा ती उशाशी बसली. घरातली चूल पहिल्याच हिवाळ्यात ढासळली होती. मातीत घोड्याच्या शेपटीचे केस कालवून बुरुलने ती स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केली आणि पुढची तेरा वर्षे दर वसंतात लिंपली. मेदेरचे लग्न झाले की ही चूल त्याची आणि त्याच्या बायकोची होणार, थोरल्याने वेगळे निघायचे, हे तिला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होते. सर्वांनाच ठाऊक असते. ठाऊक असल्यामुळे दुःख कमी होते, ही समजूत मात्र ज्यांना कधी निघावे लागले नाही त्यांची असते.

२००३ मध्ये मेदेरने नारिन शहरातून चोल्पोनला आणले. ती चोवीस वर्षांची होती, बालवाडीत शिकवून आलेली, आणि मोठ्याने हसणारी. एसेन आणि बुरुल रस्त्यापलीकडच्या नव्या घरात गेले. वाटणीत एक गाय, अकरा मेंढ्या आणि चहाचे पाणी उकळायचा जुना समोवर आला. फाटकापासून फाटकापर्यंत एकशे दहा पावले अंतर होते. तेरा वर्षे सासूने बुरुलला ‘बुरुल’ अशीच हाक मारली होती. नवी सून दारात आली त्याच संध्याकाळी आपा म्हणाल्या, “ये गं माझ्या शिंगरा.” बुरुल त्या वेळी परातीत पीठ मळत होती. तो शब्द ऐकून तिने पीठ गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ मळले, असे तिनेच मला पुढे सांगितले.

आमच्याकडे नवी सून नात्यातल्या कोणत्याही घरात आपणहून शिरत नाही. त्या घराने तिला एकदा बोलवायचे, चुलीपाशी बसवायचे, डोक्यावर पांढरा रुमाल टाकायचा आणि लोणी लावलेला घास भरवायचा. त्यानंतर ते घर तिला जन्मभर उघडे. कालिया आपांच्या कुळात अशी बारा घरे आहेत. त्यांत एक आमचे. पहिले बोलावणे थोरल्या जावेचे असावे, ही रीत. पहिल्या हिवाळ्यापर्यंत अकरा घरांनी चोल्पोनला बोलावले. बुरुलने बोलावले नाही. मेंढ्यांची लोकर कातरून होऊ दे, मग बटाटे निघू देत, मग एसेनला बरे वाटू दे, असे ती स्वतःशी म्हणत राहिली. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण बुरुल स्वतःच दिवसातून तीनदा मोठ्या घरी येत असे आणि चोल्पोनला तिच्याकडे जाण्याचे कारणच पडत नसे.

२००६ च्या मे महिन्यात, रविवारी, चोल्पोन जनावरांच्या बाजारात गेली होती. मेदेर एका घोडीचा सौदा करत होता. माणसे आणि जनावरे यांच्या मधोमध उभी असताना तिच्या छातीत धडधड सुरू झाली, बोटे बधिर झाली, श्वास आत जाईना. आपण या क्षणी मरणार, अशी तिची खात्री पटली. कोणीतरी तिला गाडीत निजवले. तासाभरात ती पूर्ववत झाली आणि शहरातल्या डॉक्टरांना तिच्या हृदयात काही दोष सापडला नाही. पण पुढच्या रविवारी तिने डोकेदुखी सांगून घरी राहणे पसंत केले. त्यानंतर तेच पुलावर घडले, मग पूल सुटला. शाळेच्या अंगणात घडले, मग शाळेचा रस्ता सुटला. ज्या ज्या ठिकाणी ती भीती भेटली ते ठिकाण तिने सोडून दिले, आणि सोडलेली प्रत्येक जागा भीतीच्या मालकीची झाली. पहिला बर्फ पडला तेव्हा तिच्याकडे फक्त अंगण उरले होते.

गावाला हे बराच काळ दिसलेच नाही. सून घराबाहेर पडत नाही, याला आमच्याकडे वळण म्हणतात. कालिया आपा अभिमानाने सांगत की शहरातली असूनही मुलगी उंबरा सोडत नाही. आजार आणि सद्गुण यांचे बाह्य रूप ज्या समाजात एकच असते, तिथे आजारी स्त्रीला पहिली शिक्षा कौतुकाची होते.

एका लग्नाच्या दिवशी ती फाटकातच कोसळली तेव्हा मात्र म्हाताऱ्या बायका जमल्या. चहा झाला, चर्चा झाली, आणि निदान ठरले: एखाद्या घराने तिला चुलीपाशी नेलेले नाही; त्या घराचे पूर्वज वाटेवर आडवे येतात. घरे बोटांवर मोजायला सुरुवात झाली. बुरुलची पाळी आली.

“तुझ्या चुलीपाशी नेलंयस ना गं हिला?” आपांनी विचारले.

“नेलंय की, आपा,” बुरुल म्हणाली. “पुलाला पाणी लागलं होतं ना, त्या वर्षी. रुमालसुद्धा दिलाय.”

चोल्पोन तिथेच चहाच्या वाट्या भरत होती. तिने मान वर केली नाही. धाकट्या सुनेने थोरल्या जावेला चारचौघांत खोटे पाडायचे नसते, हे बुरुलला माहीत होते, आणि त्या भरवशावरच ती बोलली होती.

मग दोष या बारांबाहेरच्या, एका मयत चुलत्याच्या बंद घरावर गेला. कुलूप काढण्यात आले, थंड चुलीत जाळ करण्यात आला, आणि तीन बायकांनी चोल्पोनला दंडाला धरून तिथे नेले. धूर कोंडला होता आणि दाराशी बायका दाटल्या होत्या. तिला तिथे आला तसा झटका आधी कधी आला नव्हता. त्यानंतर चार महिने ती अंगणातल्या भट्टीपर्यंतही गेली नाही. हेतू सर्वांचाच चांगला होता. एका बाईचे खोटे त्या चांगल्या हेतूंच्या तळाशी होते.

येथून बुरुलच्या आयुष्याला जे वळण मिळाले त्याला गाव आजही त्याग म्हणते. ती आता रोज चोल्पोनसाठी येऊ लागली. तिने चोल्पोनचा हात धरून तिला भट्टीपर्यंत नेले, मग फाटकापर्यंत, मग ओढ्यापर्यंत. नवऱ्याबरोबर चोल्पोन दहा पावले जात नसे. बुरुलचा हात असला की ती ओढ्यावर जाऊन येत असे. अशी जाऊ मिळायला भाग्य लागते, असे बायका म्हणत. मीही म्हटले होते.

याबद्दल बुरुलचे स्वतःचे शब्द वेगळे आहेत. “दया नव्हती ती,” ती मला म्हणाली. “त्या घरात मला विचारल्याशिवाय आता कोणी हलत नव्हतं. आपांचं शिंगरू माझ्या हातात होतं.”

मत्सर दुसऱ्याचे सुख हिरावून घेऊ पाहतो, एवढेच आपण सहसा समजतो. बुरुलचा मत्सर त्याहून चिकाटीचा होता. तो प्रतिस्पर्ध्याच्या दुःखावर हक्क सांगत होता. शेजारच्या मुलीने एकदा सहज चोल्पोनचा हात धरला आणि चोल्पोन तिच्याबरोबर पाच-सहा पावले चालली, तेव्हा बुरुलने त्या मुलीशी महिनाभर अबोला धरला. मेदेर बायकोला गाडीतून नदीकाठी न्यायचे म्हणाला, तर बुरुल आदल्या दिवशीच वारा फार आहे, रस्ता उखडला आहे, असे चोल्पोनच्या कानावर घालून आली. चोल्पोन बुरुलच्या हाताशिवाय जगू शकत नाही, हे वाक्य ती हळहळत बोले. पण तेच वाक्य दुसऱ्या कोणी बोलले की तिच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिले आहे.

गणनेचे कागद जमा केल्यावर मी गुलाइमकडे गेले. गुलाइम गावातला दवाखाना एकटी चालवते; डॉक्टर नाही, पण गाव तिला डॉक्टरच म्हणते. त्याच हिवाळ्यात नारिनला मनाच्या आजारांविषयी तीन दिवसांचे शिक्षण घेऊन ती परतली होती. मी चोल्पोनचे वर्णन केले. तिने मध्येच थांबवून उरलेले वर्णन स्वतः पूर्ण केले: झटका, मग जागा सोडणे, मग एकाच माणसाचा हात.

एप्रिलमध्ये शहरातल्या डॉक्टरीण बाई येऊन चोल्पोनला पाहून गेल्या. त्यांनी रोज घ्यायची एक गोळी दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील असे बजावले, आणि खरे काम गुलाइमवर सोपवले. गुलाइमने ते कालिया आपांच्या ओसरीवर सर्वांसमोर समजावले. पुलाला बुजणारा घोडा आठवा, ती म्हणाली. तो बुजला की आपण त्याला मागे फिरवतो. फिरवलं की त्याला हायसं वाटतं, आणि पूल वाईटच आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. शहाणा स्वार त्याला मारत नाही आणि परतही नेत नाही. पुढचे दोन पाय फळीवर ठेवून तसाच उभा करतो, कान सैल पडेपर्यंत. भीती चढते तशी उतरते, पण उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. हलली की ती उतरते हे कळायचंच राहून जातं.

“आणि मी?” बुरुलने विचारले.

“तुम्ही आधी दहा पावलं मागे, मग वीस, मग घरी,” गुलाइम म्हणाली.

“तीन दिवस शहरात राहून आलीस आणि वर्षानुवर्षं हात धरणारीला घरी पाठवतेस?”

“एजे,” थोरल्या बहिणीला म्हणतात तसे गुलाइम म्हणाली, “घोड्याला पुलापलीकडे पाठीवर टाकून नेलं, तर पूल कोणी ओलांडला?”

आपा हसल्या. मेदेरही हसला. बुरुलच्या मनात ते हसणे राहिले.

मोजमाप विजेच्या खांबांचे ठरले. पहिला खांब मोठ्या घराच्या फाटकाशी, तिसरा बुरुलच्या घरासमोर, अकरावा पुलाशी. चोल्पोनने खांबापाशी जायचे, भीती दहांपैकी किती हे बोटांनी दाखवायचे, आणि तीन बोटे उरेपर्यंत तिथेच उभे राहायचे. पहिल्या खांबाला सहा दिवस लागले. दुसऱ्या खांबाच्या वेळी ती चांगली जाऊ लागली, पण गुलाइमला काहीतरी खटकले. बोटे फार लवकर खाली येत होती. तिसऱ्या दिवशी तिने पाहिले की बुरुल लोकर आणि चाती घेऊन समोरच्या भिंतीच्या सावलीत बसलेली असते, चोल्पोनला दिसेल अशी. विचारल्यावर बुरुल म्हणाली की लोकर कातायला उजेड चांगला लागतो. गुलाइमने तिथल्या तिथे चोल्पोनला दुसरा खांब पुन्हा पहिल्यापासून करायला लावला. त्या वेळी ती किती वेळ उभी राहिली हे मी घड्याळात पाहिले: सव्वीस मिनिटे. घाम हनुवटीवरून टपकत होता. मग एकेक बोट मिटत गेले आणि तिने स्वतःच्या हाताकडे असे पाहिले, जणू तो तिला कोणी परत केला होता.

नऊ जूनला सकाळी गुलाइमला एका बाळंतपणासाठी वरच्या वस्तीवर जावे लागले. आजचा दिवस सोडून द्या, असा निरोप तिने धाडला. चोल्पोनने तो सोडला नाही. ती एकटी निघाली. दुसऱ्या खांबापाशी थांबली, तिसऱ्यापाशी गेली, तिथे बोटे तीनवर येईपर्यंत उभी राहिली. तिचे काम तिथे संपले होते. पण समोर बुरुलचे फाटक होते. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कोणाच्याही हाताशिवाय इथवर आली होती, आणि हे ज्या माणसाला सर्वांत आधी दाखवावेसे तिला वाटले ते माणूस आत होते. तिने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. पुढे तिला जाता येत नव्हते. त्या घराने तिला अजून बोलावलेले नव्हते. तिने हाक मारली.

“एजे!”

बुरुल खिडकीशी कणीक मळत होती. पडदा बोटभर सारून तिने पाहिले. पुढचे काही क्षण तिने मला नीट, काही न गाळता सांगितले. एक ‘ये’ एवढा शब्द पुरला असता, हे तिला तेव्हाच कळले होते. त्या शब्दाने सहा वर्षांचे राहिलेले बोलावणे दिले गेले असते. पण मग ही बाई घरात आली असती, चुलीपाशी बसली असती, आणि उठून आपल्या पायांनी परत गेली असती. उद्या तिला कोणाचीच गरज उरली नसती. बुरुलने शब्द उच्चारला नाही. ती पडद्याआड उभी राहून वाट पाहू लागली, आणि कशाची वाट पाहत आहोत हे तिला ठाऊक होते.

चोल्पोनने आणखी एकदा हाक मारली. मग तिचा श्वास चढू लागला. पुढे जायला बोलावणे नव्हते आणि मागे एकशे दहा पावले होती. ती रस्त्यावरच बसली. तेव्हा बुरुल धावत बाहेर आली, तिला काखेत धरून उठवले आणि मोठ्या घरी नेऊन पोचवले. वाटेत भेटलेल्या दोघांना तिने सांगितले की हे असे होणार हे मी आधीच म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. चोल्पोन चुलीपाशी बसली होती, त्याच चुलीपाशी जी बुरुलने बांधली होती. तिच्या निळ्या बाहीवर पिठाची पाच बोटे उमटलेली होती; तिने सदरा धुतला नव्हता.

“पडदा हलला होता, एजे,” ती म्हणाली.

“वाऱ्यानं हलला असेल.”

“काच बंद होती.”

 चोल्पोनने तिला चहा ओतून दिला, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. मग म्हणाली, “उद्यापासून तुम्ही येऊ नका. मी खांबांबरोबर जाईन.”

आठ दिवस ती अंगणातच राहिली. गुलाइमने तिला रागावले नाही आणि धीराचे मोठे शब्दही वापरले नाहीत. तिसऱ्या खांबापाशी बोटे तीनवर आली होती ना, एवढेच विचारले. आली होती, असे चोल्पोन म्हणाली. मग तेवढे जमेला आहे, तिथून पुढे. शरद ऋतूत ती पुलावर उभी राहिली. पुढल्या वर्षी मे महिन्यात ती मेदेरबरोबर जनावरांच्या बाजारात गेली, मेदेरला मुद्दाम दूर पाठवून एकटी उभी राहिली, आणि गुलाइमसाठी सुयांचे एक पाकीट घेऊन आली. २०११ पासून ती गावच्या बालवाडीत शिकवते. भीती निघून गेली असे ती म्हणत नाही. एखाद्या दिवशी पुलावर ती थांबलेली दिसते. मुले तिच्या आजूबाजूला खेळत राहतात, ती बोटे मिटेपर्यंत उभी राहते, आणि मग सगळे पुढे जातात.

बालवाडीला जाताना रोज दोनदा ती बुरुलच्या फाटकावरून जाते. बुरुल अंगणात दिसली तर ती तब्येतीची चौकशी करते. आत जात नाही. काहींना हा राग वाटतो, पण मला तसे वाटत नाही. ती रीत पाळते, इतकेच. आणि रीत पाळल्याने कोणाला किती यातना होऊ शकतात हेही तिला बहुधा माहीत आहे.

कालिया आपा २०१४ मध्ये वारल्या. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी आम्ही बायका कढईत पिठाचे तुकडे तळत होतो तेव्हा बुरुल माझ्या शेजारी बसली आणि हे सर्व सांगू लागली. मी तिला विचारले की आता तरी चोल्पोनला बोलावण्यात अडचण काय.

“बोलावलं तर रुमाल द्यावा लागेल,” ती म्हणाली. “रुमाल दिला की सगळ्यांना कळेल की आधी दिला नव्हता. मग त्या बंद घराचं काय, हे विचारतील.”

“विचारू देत.”

“तुला सोपं आहे. त्या धुरात तिला मी नव्हतं का कोंडलं?”

तिचा हात झाऱ्यावर थांबला होता. तुकडे करपले, आम्ही ते बाजूला काढले आणि नवे सोडले. बाहेर चोल्पोन पाहुण्यांना पाणी देत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती. बुरुल तिच्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात पश्चात्ताप होता असे लिहायला मला आवडले असते. मला दिसला तो हेवाच. इतकी माणसे, इतका मोकळेपणा, आणि त्यात आपल्या हाताची कुठेही गरज नाही.

त्या वर्षापासून बुरुल पाणी आणायला रस्त्याने जात नाही. ती घरामागच्या पायवाटेने ओढ्यावर उतरते, म्हणजे मोठ्या घराचे फाटक लागत नाही. बाजारातही ती गेली तीन वर्षे दिसलेली नाही. गुडघे दुखतात, असे ती सांगते. गुलाइम दोनदा तिच्याकडे जाऊन आली.

कुळातल्या बारा घरांपैकी अकरा घरांनी चोल्पोनला चुलीपाशी नेले आहे. बाराव्या घराचे बोलावणे अजून द्यायचे राहिले आहे.